हर्सूल ते चौका, गप्प

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी टेंभेबाईंचा फोन. नागपूरहून. नंबर बघूनच चहा बशीत सांडला. वाटलं, आली तक्रार. बाई म्हणतात, "जाधव, तुम्ही बरे आहात ना? त्या दिवशी माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरलेले दिसलात."

शनिवारचं अजून कुठं लिहिलेलं नाही. लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. (जाईल म्हणे. जातंय म्हणूनच तर रडगाणं आहे.)

अजिंठ्याला अकरा जणांची गाडी नेली होती. टेंभेबाई एकट्या आलेल्या, निवृत्त शिक्षिका, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. सतरा नंबरच्या लेणीपर्यंत गुडघे बोलायला लागले. त्यांना तिथं ओसरीत बसवलं, बाकीच्या दहांना घेऊन सव्वीसपर्यंत गेलो आणि तिकडूनच नदीकडच्या वाटेनं खाली उतरलो. गाडी सुटली. गोळेगाव आलं तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, टेंभेबाई कुठायत?

परत पोचेपर्यंत दोन तास झाले होते. बाई त्याच जागी, पर्स मांडीवर घेऊन. म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना, मी येईपर्यंत हलू नका. मग कशी हलणार?" शाळेत जन्म गेला, सांगितलं की ऐकायचं.

आता मुद्दा. माणूस विसरतो. गडबडीत बाई राहिल्या, चूक झाली, पाया पडलो असतो. पण बाईंना मी असं सांगितलं, हेच मला आठवत नाही. आज तीन दिवस झाले, अजून नाही. बसवल्याचंही आठवत नाही. दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून वर लिहिलं. सतरा नंबरमध्ये भिंतीपुढं काय बोललो ते अक्षरन् अक्षर येतं, कारण ते पंचवीस वर्षांपूर्वी पाठ केलेलं. त्यानंतरचं कोरं. पाटी पुसावी तसं.

बायकोला, मंगलला, एवढंच सांगितलं की एक बाई मागं राहिली होती. बाकीचं पोटात.


२२ नोव्हेंबर, बुधवार

शेठनं बोलावलं. गाड्या त्याच्या, गिऱ्हाईक त्याचं, तोंड तेवढं माझं. वयानं माझ्या भाच्याएवढा, पण शेठ तो शेठच.

"जाधवराव, वय काय झालं तुमचं?"

"त्रेपन्न."

"मग जरा बसा आता. सोळा डिसेंबरला एक ग्रुप हाय अकराचा. मी सोता गाडीत येतो. समदं नीट झालं तर आनंदच हाय. नाय तर ऑफिसात खुर्ची टाकू तुमच्यासाठी. फोन उचलायचे, नावं लिवायची."

नावं लिहायची. मला सांगतो. शहरातल्या सगळ्या गाइडांत माझं नावच त्यासाठी आहे. बाकीचे डोकी मोजतात, मी नावं पाठ करतो. हॉटेलपासून निघालं की शहर संपतं त्या हर्सूलच्या आत सीटोसीट फिरून प्रत्येकाचं नाव विचारायचं, एखादी थट्टा करायची, आणि अजिंठ्याला उतरताना दाराशी उभं राहून एकेकाला नावानं हाक मारायची. माणसं खुलतात. एवढा मोठा बुद्ध बघायला येतात, पण खूश होतात ते स्वतःचं नाव ऐकून.

शनिवारच्या अकरांपैकी आज किती आठवतात बघितलं. टेंभेबाई धरून तीन.

कधीपासून होतंय हे? दिवाळीआधी एका पाहुण्याला मी दोनदा नाव विचारलं होतं. तेव्हा हसण्यावारी नेलं. शहराच्या जुन्या-नव्या नावात तर अख्खं गाव अडखळतं, ते माझ्या आजारात धरायचं नाही. पण बाकीचं?


२४ नोव्हेंबर, शुक्रवार

मंगलनं पकडलं. मी रोज सकाळी पेपरातल्या निधनवार्ता वाचतो, पेपर घडी करतो आणि अर्ध्या तासानं कोण कोण गेलं ते आठवून बघतो. फोटोखाली नाव असतं, परीक्षा घ्यायला सोपं. आज सातातले दोन आले.

"कामून रोज तेच पान धरून बसता? कुणाचं दहावं चुकलं का?"

मग सांगितलं. सगळं. टेंभेबाई, शेठ, दोनातले सात. (उलटं लिहिलं. सातातले दोन. हेही आता आजार म्हणून धरायचं का?)

तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "सोमवारी दवाखान्यात जाऊ."

"आबांचंही असंच सुरू झालं होतं." वडिलांचं नाव तोंडातून गेलंच.

"तुम्ही आबा नाय."

"तुला काय माहीत?"

"आबा चिडत नव्हते कवा. तुम्ही सकाळपासून तीनदा चिडले."

हसू आलं.


२७ नोव्हेंबर, सोमवार

अजिंठा सोमवारी बंद. म्हणून डॉक्टर. समर्थनगरला, बाई आहेत, चाळिशीच्या, आवाज बारीक.

डोक्याचा फोटो आधीच काढून नेला होता. बाईंनी उजेडाला धरून पाहिला. "वयाला धरून ठीक दिसतोय. पण फोटो ठीक म्हणजे सगळं ठीक, असं मी आज म्हणणार नाही." मंगलनं माझं मनगट धरलं. ती काही कधी चारचौघांत हात धरणारी नाही.

मग एक गंमत झाली. गंमत कसली, घाम फुटला. डॉ.बाईंनी एक लहानशी गोष्ट सांगितली. एक बाई टोपलीत कोंबडी घेऊन पैठणला निघते, बस चुकते वगैरे. ती झाल्याबरोबर माझ्या हातात चित्रं जुळवायचा खेळ दिला. दहा मिनिटं. मग विचारलं, सांगा गोष्ट. कोंबडी आठवली. बाकी धुकं. ज्या माणसानं जन्मभर गोष्टी सांगून पोट भरलं, तो कोंबडीपाशी थांबला.

दुसरी गोष्ट सांगितली. या वेळी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं. फोन काढून घेतला. "काही करायचं नाही. आठवायचं नाही, घोकायचं नाही, झोपायचंही नाही. नुसतं बसा." दहा मिनिटांनी दार उघडलं. गोष्ट जवळपास सगळी आली. भोकरदनचा सुतार, त्याची हरवलेली पटाशी, मेहुणीचं लग्न, सगळं.

मी म्हटलं, म्हणजे मला काही झालेलं नाही?

"तसं नाही म्हणत मी. नवीन काही शिकलं की डोकं ते लगेच ठेवून देत नाही. थोडा शांत वेळ मिळाला तर आतल्या आत ते पुन्हा फिरवून घेतं, जागेवर बसवतं. झोपेत हे होतं, जागेपणी नुसतं बसलं तरी थोडं होतं. तुम्ही एकावर एक ओतत राहिलात तर खालचं बसायच्या आत वरचं येतं. दिवसातून किती वेळ रिकामे असता?"

रिकामा? मी? कानाला फोन, नाहीतर फोनला डोळे.

"नवं काही ऐकलं, शिकलं की दहा मिनिटं गप्प बसा. करून बघा."

"डॉक्टर, हे तर फुकटचं औषध दिसतंय."

"म्हणूनच कुणी घेत नाही. आणि औषध नाही हे, जाधव. आजार असला तर यानं थांबणार नाही. नसला तर फरक दिसेल. रोज लिहीत जा, जे होईल ते. वीस तारखेला वही घेऊन या."

पायऱ्या उतरताना मंगल म्हणाली, ऐकलं का, फरक दिसंल म्हणाल्या. मी ऐकलं ते त्याआधीचं वाक्य, यानं थांबणार नाही.


२८ नोव्हेंबर, मंगळवार

दहा मिनिटं. आजपासून नुसतं 'दहा' लिहीन.

दहा: फसले. दोन मिनिटांत हात खिशाकडं. मंगलनं फोन ज्वारीच्या डब्यात ठेवला होता, तर तो डब्यातच वाजला. झाकण उघडून ज्वारीत हात घातला. फोन कुणाचा, तर कर्ज हवंय का विचारणाऱ्या पोरीचा.


२९ नोव्हेंबर, बुधवार

दहा: वाटलं जमले. निधनवार्तेतली आठ नावं वाचली, डोळे मिटले, दहा मिनिटं मनात म्हणत बसलो. आठच्या आठ आली. उड्या मारत डॉ.बाईंना फोन केला.

"ते पाठांतर झालं. पाठांतर तुम्हाला येतंच. मी काय सांगितलं होतं?"

गाइडला गप्प बसा म्हणणं म्हणजे पाण्याला चढावर जा म्हणणं.

संध्याकाळी आठातली तीन उरली.


१ डिसेंबर, शुक्रवार

दहा: चार मिनिटं. उठलो. लिहितो का उठलो.

रिकामं बसलं की आबा येतात.

पिशोरचं आमचं शेत. बांधावर आबा उभे आहेत, धोतराचा सोगा हातात, आणि मला विचारतात, "हे रान कुणाचं रं बाबा? लई चांगलं राखलंय." मी म्हणतो, तुमचंच आहे आबा. ते हसतात, लाजल्यासारखे, जशी मी थट्टा केली. पाच मिनिटांनी पुन्हा, हे रान कुणाचं रं बाबा. त्या दिवशी मी नऊ वेळा सांगितलं. दहाव्यांदा ओरडलो. म्हातारा माणूस दचकला आणि मला अहोजाहो करायला लागला. "चुकलं साहेब." मला. साहेब.

त्याला दोन वर्षं झाली, आबांना जाऊन दीड. आणि आज बसल्या बसल्या कळलं की तेव्हापासूनच मी एक मिनिट मोकळा ठेवलेला नाही. जेवताना फोन, मोरीत फोन, गाडीत तर विचारूच नका. डोळ्यांपुढं काहीतरी हलत राहिलं पाहिजे, म्हणजे तो बांध दिसत नाही.

आता उपाय काय, तर गप्प बसा. म्हणजे जिथं वाघ आहे त्याच गुहेत रोज दहा मिनिटं.

मला भीती वाटते. हे एवढं साधं वाक्य लिहायला दहा दिवस लागले. मला फार भीती वाटते. मंगलला कधी "ताई" म्हणेन का मी? तिच्याकडं बघतो आणि हेच येतं मनात.


३ डिसेंबर, रविवार

शफीक घरी आला. चौदा वर्षं माझी गाडी हाच चालवतो. येताना सीताफळं. सीझन संपला तरी याला कुठून मिळतात देव जाणे. मंगलनं त्याला काहीतरी सांगितलेलं दिसतंय, कारण उगीच इकडचं तिकडचं बोलत होता. शेवटी आला मुद्द्यावर.

"काका, बुरा नक्को मानो. पैले तुम ऐसे नै थे. नावां पूछ लिए, हर्सूल छोड़े, की चौके तक एकदम चुप. केबिन में मेरे बाजू में, सामने देखते. मैं कुछ बोला तो बी हात दिखाते थे, नक्को बोलके. मेरेकु लगता था, काका घाट से डरते."

"मी? गप्प?"

"अल्ला कसम. अब्बी दो साल से हर्सूल के पैलेच फोन लगता, फुलंब्री गई तो बी चालूच."

शफीक गेल्यावर आठवून बघितलं. खरं होतं ते. हर्सूल सोडलं की चौक्याचा घाट चढेपर्यंत मी समोरच्या काचेतून नुसता रस्ता बघायचो. कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला फोन नव्हता, घाटात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून बसायचो, मग सवयच पडली. मी म्हणायचो, माझी स्मरणशक्ती उपजत. कसली उपजत. हर्सूल ते चौका पंधरा मिनिटं तोंड बंद होतं, तेवढीच.

की माझं मनच मला हे गोड गोड सांगतंय? बुडत्याला काडी.


५ डिसेंबर, मंगळवार

शेठचा फोन. दुसरा गाइड तापानं पडला, चौघांचं कुटुंब आहे सोलापूरचं, घेऊन जा, पण जपून. नको म्हणणार होतो. मंगलनं डबा भरला होता आधीच.

नावं चारच. हर्सूलला विचारून झाली, फोन शफीकच्या खिशात दिला, पुढं बघत बसलो. पण आबा आलेच. चौक्यापर्यंत घाम.

मग एक नंबरच्या लेणीत हे झालं. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की काही दिसत नाही. नवखे लोक लगेच मोबाइलची बॅटरी लावतात, चित्रांना ते चालत नाही, चौकीदार ओरडतो. आमची पद्धत अशी की आत गेल्यावर सगळ्यांना मध्यभागी उभं करायचं आणि सांगायचं, डोळे बसू द्या. कुणी बोलायचं नाही. तीन-चार मिनिटं. मग भिंत आपोआप वर येते. आधी काही नाही, मग एक खांदा, मग मुकुट, मग हातातलं कमळ. हजारो वेळा केलंय. आजही केलं. मुलं धरून चौघं गप्प, मी गप्प.

आणि लक्षात आलं की इथं मला भीती वाटत नाहीये. आबा आले नाहीत असं नाही. आले, बाजूला उभे राहिले, अंधारात एक पाहुणा जास्त. मी काही केलं नाही. डोळे बसायची वाट बघत होतो, तेही बघत होते.

संध्याकाळी चारही नावं होती. लहान पोरीच्या बाहुलीचंसुद्धा.

लेणीतून बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि डोळे पुसले. सोलापूरकर म्हणाले, ऊन फार आहे नाही?


८ डिसेंबर, शुक्रवार

दहा: तीन दिवस रोज जमले. युक्ती अशी की बसलो की मनात म्हणायचं, डोळे बसू द्या. एकदाच. मग काही नाही.

मंगलनं परीक्षेसाठी निधनवार्ता बंद केल्या. "मेलेल्यांची नावं घोकून काय व्हनार?" सिल्लोडच्या मामेबहिणीच्या मुलाची लग्नपत्रिका काढली. आपल्याकडच्या पत्रिकेला नावांचा काय तोटा? निमंत्रक चौदा, व्यवस्थापक अकरा, कार्यवाहक नऊ, आणि खाली 'मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बारकी फौज. एकेक गट वाचते, मला खोलीत बसवते, बाहेर कडी लावते आणि दहा मिनिटांनी उघडते.

व्यवस्थापक: अकरातले नऊ. बारकी फौज: सगळी.

मग लबाडी केली. निमंत्रक वाचून झाल्याबरोबर तिला न सांगता फोन बघितला. चौदातले चार.

"आता खरं सांगा, फोन बघितला ना?"

व्हय म्हटलं.

"म्हंजी डोकं जागेवर हाय. फोनच भुताटकीचा हाय." आणि हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं हसू असं मोकळं ऐकलं. मलाही वाटलं, सुटलो बहुतेक.


११ डिसेंबर, सोमवार

कसला सुटलो.

गुलमंडीला गेलो, मंगलच्या साडीला फॉल लावायला टाकला, आणि रिक्षानं घरी आलो. घरी आल्यावर किल्ली खिशात टोचली. स्कूटर गुलमंडीला लावून आलो होतो. गेलो स्कूटरवर, आलो रिक्षानं, आणि रिक्षावाल्याशी रस्ताभर गप्पा मारल्या.

मंगल म्हणते माझा भाऊ तर पोराला शाळेत सोडायचं विसरून ऑफिसला घेऊन गेला होता. सगळे करतात. असेल. सगळे करतात तेव्हा ते हसतात. मला हसता येत नाही. माझ्या प्रत्येक चुकीला आता दोन अर्थ आहेत आणि दोन्ही सारखेच खरे वाटतात.

दहा: बसलो. पण डोळे बसले नाहीत.


१४ डिसेंबर, गुरुवार

परवा परीक्षा. मॅट्रिकला एवढं घाबरलो नव्हतो, तेव्हा आबा केंद्राबाहेर झाडाखाली शेंगा घेऊन बसले होते.

शेठच्या ऑफिसातली ती खुर्ची बघून आलो. खिडकीपाशी आहे. चांगली आहे. म्हणूनच जास्त भीती वाटली.


१७ डिसेंबर, रविवार

काल दमलो, लिहिलं नाही. आज लिहितो. नावं आधी: मनोहर, सुमन, अविनाश, दीपा, फिलिप, नसरीन, जयंत, उज्ज्वला, पार्थ, कमल, हेमंत. अकरा. चोवीस तासांनंतर. कागद न बघता.

शेठ शेवटच्या सीटवर, काळा चष्मा लावून. मी सीटोसीट फिरलो, थट्टा केल्या. हर्सूल सुटलं. फोन शफीककडं. पुढं बसलो. सावंगीच्या आसपास शेठ उठून केबिनमध्ये आले, "जाधवराव, ते जानेवारीचं..." मी काही बोलायच्या आत शफीक, "सेठ, काका कू अब्बी नक्को छेडो. घाट है." घाटाला अजून अवकाश होता. शेठ मागं गेले.

चौका येईपर्यंत काही केलं नाही. रस्ता, ट्रक, मक्याची पोती, एक शेळी. भीती होती. ती पण बसली माझ्याबरोबर.

टी-पॉइंटला, लेण्यांकडच्या बस सुटतात तिथं, उतरताना दाराशी उभा राहिलो. मनोहरराव, सांभाळून. सुमनताई, टोपी. दहाव्या बाई पायरीवर आल्या आणि कोरं. काही नाही. एक पाय त्यांचा खाली, एक वर, माझं तोंड उघडं. मग कमल. कमलबाई, या. तीन सेकंद असतील. माझं वय वाढलं तेवढ्यात.

सतरा नंबरच्या ओसरीत कुणालाही बसू दिलं नाही. येताना नावंही घेतली आणि डोकीही मोजली. नाक मुठीत धरून दोन्ही. अकराच्या अकरा.

परतताना फुलंब्रीला चहाला थांबलो. शेठनं स्वतः कप आणून दिला. "जाधवराव, माझंच नाव इसरून गेलो होतो तुमच्या तोंडाकडं बघून." मग म्हणाले उद्या फोन करतो. शफीकनं सगळ्यांपुढं माझ्या पाठीत गुद्दा घातला. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

घरी आलो तर मंगल दारातच. काही विचारलं नाही, माझं तोंड बघितलं आणि गूळ आणून ठेवला हातावर. फार आनंद झालाय. लिहायलाच लाज वाटते इतका. शेठचा फोन वाजतोय.


१७ डिसेंबर, रविवार

काल दमलो, लिहिलं नाही. आज लिहितो. नावं आधी: मनोहर, सुमन, अविनाश, दीपा, फिलिप, नसरीन, जयंत, उज्ज्वला, पार्थ, कमल, हेमंत. सगळी आहेत. शेठ काळा चष्मा लावून शेवटच्या सीटवर. फोन शफीककडं देऊन मी पुढं

थांबलो. पंख्यानं मागचं पान उलटलं. त्यावर आजचीच तारीख आहे. काल दमलो, लिहिलं नाही. माझंच अक्षर.

सगळं वाचलं. दोनदा. लिहिलेलं सगळं खरं आहे, तसंच घडलं. पण हे मी लिहिलं, हे मला आठवत नाही. कधी लिहिलं? जेवणानंतर? कुठं बसून? पेन याच खिशात होतं?

फोन बघितला. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी शेठचा कॉल, पंचेचाळीस मिनिटं. ते बोलणं सगळं आठवतं. जानेवारीत सहा गाड्या, पहिली दोन तारखेला, शाळेतली पोरं, चाळीस. शेठला खोकला होता. मी "हो हो" म्हणत अंगणात फेऱ्या मारत होतो. त्याच्या आधीचं कोरं.

डॉ.बाई म्हणतील, लिहून झाल्या झाल्या फोन घेतलात, वर पंचेचाळीस मिनिटं ओतलीत, खालचं बसलं नाही. साधी गोष्ट. म्हणतील का? की चष्मा काढून नुसत्या बघतील?

नावं दोन्हीकडं तीच. क्रमसुद्धा तोच. म्हणजे दहा मिनिटं बसून जे ठेवलं ते पक्कं आहे. मग लिहिणारा कुठं गेला?

मंगल आतून म्हणाली, "आज लई लिवायले. दुपारी बी तेच, आता बी तेच." तिला वाटतंय मी खुशीत आहे.

आता पाच वाजलेत. बुधवारी वही दाखवायची आहे. वहीची शिलाई कच्ची आहे, एक पान ओढलं तर आवाजही व्हायचा नाही. आणि फोन इथंच आहे हाताशी. आत्ता उचलला, तासभर काहीतरी बघत बसलो, तर हेही निघून जाईल कदाचित. पान नाही, आठवण नाही. मग हे झालंच नाही, निदान माझ्यापुरतं. दोन तारखेला चाळीस पोरं घेऊन जाईन.

आणि आत्ता दहा बसलो, तर हे राहील. डोक्यात जागा धरून बसेल, अक्षरासकट.

फोन पालथा घातला.

मंगल विचारते, चहा टाकू का. म्हटलं, दहा मिनिटांनी टाक.